जिप्सीचा कार्बोरेटर

आमच्या दारात १९९८ सालची जिप्सी उभी असते. पांढरा रंग, वर कापडी टप, मागं आडव्या बाकड्या. थंडीत सकाळी ती चालू करायची माझी एक पद्धत होती. आधी चोक पूर्ण ओढायचा. पाय दोनदा दाबून सोडायचा, तिसऱ्यांदा नाही. मग चावी. इंजिन घरघरलं की चोक अर्धा आत. गोठ्यात जाऊन दोन गायांपुढं वैरण टाकेस्तोवर ती गरम व्हायची, मग चोक पूर्ण आत. यात कुठं चुकलं, पाय एकदा जास्त पडला, की कार्बोरेटर ओव्हर व्हायचा. पेट्रोलचा वास सुटायचा आणि अर्धा तास गाडी हलायची नाही. गावातल्या पोरांना माझी जिप्सी द्यायला मी कधी नाही म्हणलो नाही, कारण त्यांच्याच्यानं ती चालूच व्हायची नाही.

मी दहावी शिकलेला माणूस. १९७५ साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा पहिल्यांदा आली, त्या पहिल्या बॅचचा. माझ्याबरोबरचे निम्मे गडी पिंपरीला, आकुर्डीला कंपन्यांत लागले. टेल्को होती, बजाज होती, सायकलवर डबा लावून पोरं जायची. मी जमिनीवर राहिलो. पुढं चाकणला एमआयडीसी आली आणि जमीनच माझ्याजवळून गेली. सगळी नाही, पण रस्त्याकडची चांगली गेली. मोबदल्याचे पैसे आले तेव्हा भावकीत मोठ्या मोठ्या गाड्या आल्या. मी विहीर खोल केली, दोन एकराला ठिबक केलं आणि उरल्या पैशात २००३ साली ही जिप्सी जुनी घेतली. दुधाचे कॅन, कांद्याची रोपं, फवारणीचं औषध, लग्नाचं वऱ्हाड, सगळं तिनं ओढलं.

तिच्यावर माझा जीव बसला त्याला कारण एक रात्र आहे. २००६ चा जानेवारी. रात्री दोनला वडलांच्या छातीत कळ आली. घाम फुटला. मी गाडीत बसलो आणि घाईत पाय तीनदा पडला. झालं, ओव्हर. बाहेर दहिवर पडलेलं, आत वडील कण्हतायत, आई दारात उभी. मी बॉनेट उघडलं, फिल्टरचा डबा काढला, कार्बोरेटरचं तोंड मोकळं केलं, पाय पूर्ण दाबून चुलतभावाला स्टार्टर मारायला लावला. हवा आत गेली, जादा पेट्रोल निघून गेलं आणि तिसऱ्या खेपेला तिनं आवाज दिला. तळवड्यावरनं पिंपरीला वायसीएम दवाखान्यात पोचलो तेव्हा अजून वेळ होती. वडील त्यानंतर चार वर्षं जगले. तेव्हापासून माझ्या मनात एकच बसलं. ज्या यंत्रात आपला हात पोचतो, ते यंत्र आपलं.

आता माझ्या थोरल्याचं सांगतो. तो आयटीआय झाला आणि २००८ साली चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात कंत्राटावर लागला. काम कुठलं, तर कार्बोरेटर जोडायचं. मोटरसायकलीचे. लायनीवर कार्बोरेटर यायचा, त्यात फ्लोट बसवायचा, जेट आवळायचा, मग तपासणीच्या मशीनवर लावून हवा किती जाते, इंधन किती येतं ते बघून स्क्रू फिरवायचा. पितळेचा जेट तो नुसता उजेडाकडं धरून सांगायचा की भोक बरोबर आहे की नाही. सुट्टीला घरी आला की माझ्या जिप्सीचा कार्बोरेटर खोलून, धुऊन, सेट करून जायचा. बाप-लेकात बोलायला दुसरं फारसं काही नसायचं. कार्बोरेटर होता.

त्याच्या आधीच्या वर्षी, २००७ ला, पल्सर २२० इंजेक्शनवर आली होती. कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटर पेट्रोल सोडणार. लायनीवरच्या पोरांच्या पोटात गोळा आला. पण दोनच वर्षांनी, २००९ ला, तीच २२० परत कार्बोरेटरवर आली, स्वस्तही झाली. थोरला हसत घरी आला. म्हणला, "बघा आबा, आमच्याशिवाय भागत नाही." आम्हालाही ते पटलं. माणूस आपल्या सोयीचं तेवढं धरून ठेवतो.

खरं तर चारचाकीत हा बदल कधीच होऊन गेला होता. दिल्लीच्या धुराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९९९ साली नव्या गाड्यांना युरोपातल्या मापाची अट घातली, त्यानंतर मारुतीच्या गाड्यांतनं कार्बोरेटर निघत गेला. जिप्सीलासुद्धा २००० साली इंजेक्शन आलं, सोळा व्हॉल्व्हचं इंजिन आलं. माझी १९९८ ची, म्हणून राहिली. राहिल्या होत्या त्या दुचाकी. त्यांचीही नोटीस आधी आली होती. २०१६ च्या जानेवारीत सरकारनं जाहीर केलं की बीएस फोरवरनं एकदम बीएस सिक्स करणार, १ एप्रिल २०२० पासून. पेपरात आलं होतं. मी वाचलं होतं, त्यानंही वाचलं होतं. पण २००९ ची गोष्ट आमच्या डोक्यात बसलेली. म्हणलं, बघू, पुन्हा फिरतील.

नाही फिरले. बीएस सिक्सच्या मापात नुसता कार्बोरेटर बसेना. जवळजवळ सगळ्या मोटरसायकली आणि स्कूटर इंजेक्शनवर गेल्या. कायमच्या कामगारांना दुसऱ्या लायनीवर घेतलं, कंत्राटी पोरांचं कंत्राट वाढवलं नाही. त्यात मार्चात लॉकडाऊन लागला, त्यामुळं धड निरोपही झाला नाही. बारा वर्षं काम केलेला माझा पोरगा अडतिसाव्या वर्षी घरी येऊन बसला. बांधावर जायचा, मोबाइल बघायचा, जेवायचा, झोपायचा. सून शिवणकाम करायची. मी काही विचारलं नाही. विचारून काय करणार होतो?

२०२१ च्या संक्रांतीनंतर एक दिवस तो मला म्हणला, "आबा, जिप्सीचा कार्बोरेटर काढू. इंजेक्शनवर करू गाडी."

मला आधी वाटलं चेष्टा करतोय. म्हणलं, "आरं, ज्यानं तुझी भाकरी घेतली तेच माझ्या गाडीत घालतोस?"

"त्यापायीच शिकायचंय. आता दारात येणारी हरेक गाडी तसलीच असणार. शिकलो न्हाई तर काय, जन्मभर बांधावर बसू?"

मी नाही म्हणलो. एकदा नाही, महिनाभर नाही म्हणलो. २००६ ची रात्र मी त्याला पुन्हा सांगितली. म्हणलं, अशा रात्री तो कॉम्प्युटर बंद पडला तर मी त्याच्या कुठल्या तोंडावर हात ठेवू? त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आबा, आपल्या विहिरीवर जुनं किर्लोस्कर इंजिन होतं, त्याला कार्बोरेटर होता का?"

मी गप्प झालो. डिझेल इंजिनाला कार्बोरेटर कसला? त्याला पंप आणि नोझल. लाइनीत हवा शिरली की नट ढिला करून बुडबुडे जाईस्तोवर डिझेल काढायचं, नोझल बाहेर काढून फवारा बारीक येतो का बघायचं, हे मी वयाच्या पंधराव्या वर्षापासून केलेलं. म्हणजे इंजेक्शनच की ते! दाबानं इंधन फवारायचं. मी जन्मभर ज्याच्यावर मळा भिजवला तेच नव्या नावानं आलं होतं आणि मी त्याला भीत होतो. फरक एवढाच, की विहिरीवरच्या इंजिनात किती आणि कधी फवारायचं ते लोखंडी कॅम आणि गव्हर्नर ठरवायचा, आणि इथं ते एक डबा ठरवणार.

मग त्यानं मला कार्बोरेटरही नव्यानं सांगितला. मी तो वीस वर्षं हाताळला होता, पण तो चालतो कसा हे सांगता आलं नसतं. तो म्हणला, "ठिबकला खत सोडायची आपली व्हेंच्युरी हाय न्हवं? तोच कार्बोरेटर." व्हेंच्युरी कंबरेत बारीक असते. पाणी तिथनं जाताना पळतं, तिथला दाब उतरतो आणि शेजारच्या बादलीतलं खत नळीनं आपोआप ओढलं जातं. कार्बोरेटरात पाण्याच्या जागी हवा आणि खताच्या जागी पेट्रोल. बस. आणि व्हेंच्युरीचं दुखणं ज्याला ठाऊक आहे त्याला कार्बोरेटरचंही कळतं. मोटरीचा दाब कमी-जास्त झाला की खत कमी-जास्त जातं. एखाद्या दिवशी बादली अर्ध्या तासात रिकामी, एखाद्या दिवशी दोन तास हलत नाही. पिकाला किती पाहिजे याच्याशी व्हेंच्युरीला देणंघेणं नसतं. ती फक्त ओढते.

पेट्रोलचंही माप असतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. थंडीत इंजिनाला पेट्रोल जरा जास्त लागतं, म्हणून चोक. डोंगरावर हवा विरळ होते, कार्बोरेटर मात्र पेट्रोल खालच्यासारखंच ओढत राहतो, म्हणून घाटात गाडी जड होते आणि काळा धूर टाकते. इंजेक्शनमध्ये हवेचा दाब, हवेची उष्णता, पाण्याची उष्णता, पाय किती दाबलाय, हे सगळं वेगवेगळे सेन्सर डब्याला सांगतात. त्या डब्याला गॅरेजवाले ईसीएम म्हणतात. तो हिशोब करून प्रत्येक सिलेंडरचं नोझल सेकंदाच्या हजाराव्या भागांच्या मापानं उघडतो आणि मिटतो. आणि सायलेन्सरच्या वाटेवर एक ऑक्सिजनचा सेन्सर बसलेला असतो, तो निघालेल्या धुराचा वास घेऊन सांगतो, पेट्रोल जास्त झालं, कमी कर. म्हणजे खत सोडून वर पिकाचं पान बघून येणारा माणूस ठेवल्यासारखं.

मी हो म्हणलो. मनापासून नाही, पण म्हणलो.

चिखलीजवळ कुदळवाडीला तेव्हा भंगाराचा मोठा बाजार होता. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेनं तो पाडला, आता तिथं जाऊन ओळख पटत नाही. पण तेव्हा पत्र्याच्या शेडांच्या गल्ल्याच गल्ल्या होत्या, आणि त्यात गाडीचा नाही असा भाग नव्हता. आम्ही सहा रविवार फिरलो. शेवटी इंजेक्शनची एक उलटलेली जिप्सी मिळाली. चेसिस वाकडी, टप सपाट, टाकी चेपलेली, पण इंजिन, मॅनिफोल्ड, वायरिंग आणि ईसीएम शाबूत. थोरला म्हणला, वायरिंग एका गाडीचं, डबा दुसरीचा आणि सेन्सर तिसरीचे असला धंदा करायचा नाही. एकाच गाडीचं सगळं पाहिजे. सत्तर हजारांना सौदा झाला. बायकोच्या नावची एफडी मोडली. तिनं सही करताना एकच विचारलं, "हे झाल्यावर तो कामाला लागंल का?" मी म्हणलो, लागंल. मला काय माहीत होतं?

कागदाचं मात्र मी बघितलं. मोटार वाहन कायद्याच्या बावन्नाव्या कलमात गाडीत मनाला येईल तो बदल करायला बंदी आहे. आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही सांगितलं, की कंपनीनं केलेल्या मूळ रचनेत आपल्या मनानं फेरफार चालणार नाही. म्हणून आधी पिंपरी-चिंचवडच्या आरटीओत जाऊन विचारलं, अर्ज केला. त्याच कंपनीचं, त्याच इंधनाचं इंजिन, खरेदीची पावती, जुन्या गाडीचे कागद, सगळं जोडलं. हेलपाटे पडले, पण आरसी बुकावर नवा इंजिन नंबर चढला. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्याकडं पोरं आधी गाडी कापतात आणि मग कागद शोधत बसतात.

गोठ्याशेजारच्या पडवीत काम सुरू झालं. जुनं इंजिन चेन ब्लॉकनं उचललं तेव्हा मी तिथं थांबलो नाही, कांद्याला पाणी धरायला गेलो. संध्याकाळी आलो तर कार्बोरेटर धुऊन, पुसून, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून माझ्या खाटेवर ठेवलेला.

नवं इंजिन बसलं. चेपलेली टाकी कामाची नव्हती, म्हणून टाकी आमची जुनीच ठेवली आणि पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टाकीखाली बाहेरनं लावला. इथं चूक झाली. कार्बोरेटरला पेट्रोल नुसतं पोचवायचं असतं, पाव किलो दाब पुरतो. इंजेक्शनला अडीच-तीन किलो दाब लागतो. म्हणजे दहापट. एक जुना रबरी पाइप चांगला दिसतोय म्हणून थोरल्यानं एका जोडाला तसाच ठेवला. फवारणीच्या पंपाला बागेतली पाणी घालायची नळी लावावी तसं झालं. तिसऱ्या दिवशी इंजिन चालू होतं, आम्ही दोघं वाकून आवाज ऐकत होतो. दिवसभर पेट्रोलात हात असल्यानं नाकं मेलेली. बायको चुलीपासनं ओरडली, "आवं, पेट्रोलचा वास येतोय, घरात येतोय!" थोरल्यानं पुढं वाकून बघितलं आणि झडप घालून चावी बंद केली. पाइप सांध्याशी चिरला होता आणि बारीक फवारा एक्झॉस्टपासनं वीतभर अंतरावर उडत होता. इंजिन अजून पुरतं तापलं नव्हतं, म्हणून हे लिहायला मी आहे. पलीकडं वैरणीची गंज होती, त्याच्या पलीकडं गाया.

आम्ही वर माती टाकली आणि बराच वेळ कोणी बोललं नाही. मग मी बोललो, आणि नको ते बोललो. म्हणलो, "बारा वर्षं काम करून एवढीही अक्कल आली न्हाई?" त्यानं मान वर केली नाही. हात पुसले आणि बाहेर गेला. रात्री जेवायला आला नाही. बायको माझ्यापुढं ताट ठेवून म्हणली, "त्याची चूक झाली, ते त्याला कळलंय. तुमची झालीय ते तुम्हाला कळलंय का?"

सकाळी मी उठलो तर तो पडवीत होता. टाकीपासनं इंजिनापर्यंतचा एकूण एक पाइप काढून टाकलेला. मी काही बोललो नाही, दोन चहा आणले. त्या दिवशी आम्ही दोघं पिंपरीला गेलो आणि इंजेक्शनच्या दाबाचा पाइप, त्याच्या खास क्लिपा, नवा फिल्टर घेऊन आलो. आग विझवायचा सिलेंडरही घेतला. तो अजून पडवीत टांगलेला आहे.

पुढं दुसरंच दुखणं निघालं. गाडी चालू व्हायची, पण उभ्या उभ्या रेसिंग आपोआप वर-खाली व्हायचं. दम लागलेल्या बैलागत. मध्येच बंद पडायची. थोरल्यानं सेन्सर बदलून बघितले, भोसरीहून एक ओळखीचा पोरगा आला, त्यानं तपासलं. एकदा हा सेन्सर चुकीचा दाखवायचा, एकदा तो. चार दिवस गेले. मी बाकड्यावर बसून बघत होतो. आमच्या बोअरच्या मोटरीचा स्टार्टर असाच वेड्यासारखा करायचा, कधी ट्रिप, कधी नाही, आणि दर वेळी निघायचं काय, तर अर्थिंग. म्हणून सहज म्हणलं, "अर्थिंग बघितलं का रं?"

"आबा, ही गाडी हाय, बोअर न्हाई."

पण तासाभरानं तो गाडीखाली शिरला. ईसीएमची अर्थिंगची वायर बॉडीला जिथं बोल्टानं आवळली होती, तिथं खाली जुन्या रंगाचा थर होता. बोल्ट घट्ट, पण वायर लोखंडाला टेकतच नव्हती नीट. रंग खरवडला, कानस मारली, पुन्हा आवळलं. चावी फिरवली. जिप्सी एका सुरात लागली, ती हललीच नाही. थोरला गाडीखालनं बाहेर आला, माझ्याकडं बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मीही हसलो. माझा हात त्या डब्यात पोचत नव्हता, पण अगदीच बाहेर राहिला नव्हता.

एप्रिलच्या शेवटाला निर्बंध होते. पुढं जरा मोकळं झाल्यावर आम्ही सगळे भीमाशंकरला निघालो. राजगुरुनगर, वाडा, मग चढ. मंदिर तेव्हा बंद होतं, पण आम्हाला घाट बघायचा होता. पूर्वी त्या चढाला मी दुसऱ्या गिअरवर कुंथत जायचो. आता वरपर्यंत सुरातली गाडी, मागं धूर नाही. पूर्वी लिटरला नऊ किलोमीटर जायची, आता बारा देते. पीयूसीला माझ्या वयाच्या गाडीला कार्बन मोनॉक्साईड तीन टक्क्यांपर्यंत चालतो. जुन्या इंजिनावर दर वेळी पावणेतीनच्या आसपास येऊन धाकधूक व्हायची. या वेळी अर्ध्याच्याही खाली आला. मशीनवाल्या पोरानं नळी पुन्हा घालून बघितली.

मग ती रात्र आली, जिची मला भीती होती. दवाखान्याची नव्हती, नुसती पावसाची. मी एकटा चाकणच्या बाजारातनं येत होतो आणि ओढ्याच्या अलीकडं गाडी गप्पकन बंद. चावी फिरवली, स्टार्टर फिरतोय, इंजिन धरत नाही. फोनवर थोरला म्हणला, "नुसती चावी टाका, स्टार्टर मारू नका. मागनं घूं आवाज येतो का?" चावी टाकली की पंप दोन-तीन सेकंद चालतो, लाइनीत दाब भरतो आणि गप्प होतो. तो आवाज नव्हता. "मग डॅशबोर्डखाली डावीकडचा तिसरा रिले उपटा, कप्प्यात डबी हाय, त्यातला नवा बसवा." मोबाइलच्या उजेडात उपटला, बसवला. घूं. गाडी चालू. दहा मिनिटं गेली असतील. २००६ साली मला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता.

कार्बोरेटर वर्षभर माझ्या खाटेखाली होता. एक दिवस जुन्नरकडचा एक माणूस विचारत आला. त्याच्याकडं माझ्यासारखीच कार्बोरेटरची जिप्सी, पार्ट मिळेना. थोरल्यानं कागद सोडला, सगळं पुन्हा खोललं, जेट उजेडाकडं धरून बघितले, फ्लोटची उंची मापली, स्क्रू बसवले. तास-दीड तास तो कोणाशी बोलला नाही. मी ते हात बघत होतो. बारा वर्षांचे हात. त्या माणसाकडनं त्यानं पंधराशे रुपये घेतले. मला वाटलं होतं फुकट देईल. नंतर म्हणलो तसं, तर म्हणला, "फुकट दिलं की लोक भंगार समजतात, आबा."

आता पडवी वाढवून शेड केलंय. इंजेक्शनच्या मोटरसायकली येतात, तो लॅपटॉप लावून बघतो. फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशीनंही येतात, त्यांना अजून कार्बोरेटरच आहे. पंचक्रोशीत ते नीट करणारा तोच. दोन पोरं हाताखाली आहेत. एफडी पुन्हा केली, पहिल्याएवढी नाही अजून.

मी रोज सकाळी वैरण टाकायच्या आधी जिप्सीत बसतो. चोक ओढायचा नाही, पाय दाबायचा नाही. नुसती चावी टाकतो आणि थांबतो. मागनं घूं ऐकू आलं की मग स्टार्टर.